तार, स्पीकर आणि खोली

घरात गाणं नीट ऐकू यावं, सिनेमा नीट दिसावा, यासाठी पैसे नेमके कशावर घालावेत? स्पीकरवर, ॲम्प्लिफायरवर, टीव्हीवर, की या सगळ्यांना जोडणाऱ्या तारांवर? या प्रश्नावर गेली पन्नासेक वर्षं दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत. एका पक्षाचं म्हणणं असं, की आवाजातला जो फरक मोजता येत नाही तो कानालाही कळत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, कानाला जे कळतं ते सगळं अजून मोजता आलेलं नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत फिरणाऱ्या माणसाला हा वाद किमतीच्या रूपात भेटतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) दोन पदरी तांब्याची वायर मीटरमागे शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. शोरूममध्ये तेच काम करणाऱ्या, जाळीदार वेष्टणातल्या जोडीला हजारो रुपये पडतात, आणि परदेशी मासिकांत लाखांच्या तारांची परीक्षणं छापून येतात. दोन्ही दुकानदार मनापासून बोलत असू शकतात. म्हणून आधी वादाचा इतिहास पाहू, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी काय ठरलं आहे नि काय नाही ते.

वाद कसा उभा राहिला

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हाय-फाय हा मुख्यतः इंजिनिअरांचा छंद होता. इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेला इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आजही नावाजला जातो. त्या पिढीची श्रद्धा अशी, की ॲम्प्लिफायरने आत आलेला संदेश फक्त मोठा करावा, त्यात स्वतःचं काही मिसळू नये. आणि तसं होतंय का, ते मोजून सांगता येतं.

अडचण मासिकांत झाली. मोजमापांचे तक्ते छापायचे आणि जवळजवळ प्रत्येक यंत्राला चांगलं म्हणायचं, अशी रीत पडली. १९६२ साली जे. गॉर्डन होल्ट यांनी ‘स्टिरिओफाइल’ काढलं ते या रीतीला कंटाळून. यंत्र घरी न्यावं, त्यावर गाणं ऐकावं आणि जे ऐकू आलं ते लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. १९७३ साली हॅरी पिअरसन यांच्या ‘द ॲब्सोल्यूट साउंड’ने तोच धागा पुढे नेला, त्यांची कसोटी होती सभागृहात प्रत्यक्ष वाजणाऱ्या वाद्यांचा आवाज. ही सुरुवात लक्षात ठेवायला हवी. कानावर भर देणारा पक्ष मुळात ग्राहकाच्या बाजूने उभा राहिला होता.

आकड्यांचा गैरवापरही त्याच काळातला. वॉटचे फुगवलेले दावे इतके वाढले, की १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ॲम्प्लिफायरची सलग शक्ती कशी मोजायची याचा नियम करावा लागला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे हजारोंचे आकडे झळकत होते. त्या मापाला सर्वमान्य व्याख्याच नव्हती. आजही खोक्यावर पाहायचा आकडा आरएमएस वॉटचा, आणि तोही किती ओहमवर नि किती विरूपणासह (डिस्टॉर्शनसह) दिला आहे हे वाचून.

तारा वादात आल्या त्या १९७७च्या सुमारास. तोवर स्पीकरला दिव्याची साधी वायर जोडत, आणि पुष्कळदा ती दुकानदारच फुकट देई. त्या वर्षी जाँ हिरागा यांचा, जोडणाऱ्या तारा ऐकू येतात का असा प्रश्न विचारणारा लेख इंग्रजीत आला. १९७९च्या आसपास नोएल ली या अमेरिकी अभियंत्याने मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली. जाड, सुबक, आकर्षक वेष्टणातली तार ही स्वतंत्र विकण्याची वस्तू झाली. विक्रेत्याला स्पीकरपेक्षा तारेत जास्त नफा सुटू लागला, आणि वादाला व्यापाराची धार आली.

भारतात हा वाद उशिरा पोचला, कारण निवडीलाच वाव नव्हता. आयातीवरची बंधनं आणि जबर कर यांमुळे लोक देशी संचांवरच ऐकत. कोलकात्याची सोनोडाइन १९७० साली सुरू झाली. कॉस्मिक, नॉर्ज ही नावं मुंबईकरांच्या ओळखीची. ती यंत्रं ज्यांच्या घरी होती त्यांनी कुमार गंधर्व आणि नाट्यपदं त्यांवरच मन भरून ऐकली. १९९१ नंतर परदेशी माल येऊ लागला, आणि त्याबरोबर परदेशी मासिकांतले वादही आले.

मोजमापाची बाजू

या पक्षाचा युक्तिवाद तारेपासून सुरू करणं सोपं. तारेचे विद्युत गुण तीन: रोध, धारिता आणि प्रेरकत्व. घरातल्या स्पीकरच्या अंतरांना पहिलाच खरा महत्त्वाचा. तांब्याच्या दीड एमएम लवचीक तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम, अडीच एमएमचा सुमारे ८, आणि पाऊण एमएमचा सुमारे २६. स्पीकरकडे जाणारी आणि परत येणारी अशा दोन्ही तारा मोजायच्या. म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरसाठी वीस मीटर तांबं. दीड एमएमने तिथे पाव ओहमहून किंचित जास्त रोध येतो, अडीच एमएमने ०.१६ ओहम, आणि पाऊण एमएमने अर्ध्या ओहमहून अधिक.

याचा परिणाम कानाला कळतो का? इथे स्पीकरचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. खोक्यावर ‘८ ओहम’ लिहिलेलं असलं तरी स्पीकरचा भार प्रत्येक सुराला वेगळा असतो. एखाद्या स्पीकरचा तो साडेतीनपासून वीस ओहमपर्यंत हेलकावे खातो. वाटेत अर्ध्या ओहमची बारीक तार असेल, तर साडेतीन ओहमच्या जागी आवाज १.२ डेसिबलने उतरतो आणि वीस ओहमच्या जागी फक्त ०.२ने. म्हणजे काही सूर दबतात, काही वर येतात, आणि एक डेसिबलचा असा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवतो. तारेचा रोध ०.१ ओहमवर आणला की हाच फरक पाव डेसिबलच्या आत येतो आणि व्यवहारात नाहीसा होतो. मॅकिंटॉश या ध्वनियंत्रांच्या कंपनीत पूर्वी काम केलेल्या रॉजर रसेल यांनी प्रसिद्ध केलेला नियम यावरूनच आहे: येण्याजाण्याचा मिळून रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांहून कमी ठेवा. आठ ओहमला ०.४, चार ओहमला ०.२. दहा मीटरला चार ओहमचा स्पीकर असेल तर अडीच एमएम हवीच. समोरच्या भिंतीवरच्या तीन मीटरला दीड एमएम पुरते.

तेव्हा ‘तारांनी काहीच फरक पडत नाही’ असं हा पक्ष म्हणत नाही. फरक पडतो, तो जाडीने आणि लांबीने. १९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी तारांची अंध चाचणी प्रसिद्ध केली. कोणती तार वाजते आहे ते ऐकणाऱ्याला कळू न देता तुलना करायची, ही तिची रीत. २४ गेजची, म्हणजे अगदी बारीक तार लोकांना ओळखता आली. १६ गेजची दिव्याची साधी वायर आणि महागडी जाड तार यांच्यात मात्र गाणं ऐकताना विश्वसनीय फरक कोणाला सांगता आला नाही. १९८७ साली त्याच मासिकाने ॲम्प्लिफायरांची तशीच चाचणी घेतली. स्वस्त रिसीव्हरपासून अतिशय महाग यंत्रांपर्यंत, सारख्या आवाजावर लावल्यावर, ओळख पटेना.

‘सारख्या आवाजावर’ या दोन शब्दांत या पक्षाचा मोठा मुद्दा आहे. दोन यंत्रांपैकी एक अर्ध्या डेसिबलने मोठं असलं, तर ऐकणाऱ्याला ते मोठं वाटत नाही, ‘जास्त मोकळं’, ‘जास्त स्पष्ट’ वाटतं. म्हणून तुलनेआधी दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आसपास जुळवून घेणं त्यांना अनिवार्य वाटतं. शोरूममधल्या प्रात्यक्षिकात हे जवळजवळ कधीच होत नाही.

दुसरा पुरावा डोळ्यांचा. फ्लॉइड टूल यांनी ओटावातल्या कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासह स्पीकरवर दीर्घ काम केलं. १९९४ साली त्यांनी हार्मनच्याच ४० कर्मचाऱ्यांकडून चार स्पीकरना गुण देववले, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त प्लॅस्टिकच्या संचाचे घटले. पडदा आला आणि अंतर आक्रसलं. ही माणसं याच व्यवसायातली होती. तरीही डोळ्यांनी कानांवर मात केली.

कानाची बाजू

या पक्षाला अंधश्रद्ध ठरवणं सोयीचं असलं तरी न्याय्य नाही. त्यांचा सर्वांत भक्कम आधार इतिहासाचा आहे. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कागदावर उत्तम होते, विरूपण नगण्य. तरी ऐकणारे म्हणत होते, आवाज कर्कश आहे, थकवतो. १९७० साली फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी दाखवून दिलं, की संदेश झपाट्याने बदलताना या यंत्रांत वेगळ्या प्रकारचं विरूपण होऊ शकतं, आणि स्थिर सुरावर घेतलेली मोजणी ते पकडत नाही. ओटालांच्या सिद्धांताचं नेमकं वजन किती यावर पुढे मतभेद झाले. तरी मूळ धडा टिकला: तक्रार आधी कानाने केली, मोजणी नंतर आली.

दुसरा मुद्दा चाचणीच्या रीतीचा. दहा-दहा सेकंदांचे तुकडे, झटपट बदल, ‘हे अ की ब’ असा सतत प्रश्न, यात माणूस गाणं ऐकतच नाही, परीक्षा देतो. शांतपणे महिनाभर ऐकल्यावर जो शीण किंवा जो आनंद जाणवतो तो अशा चाचणीत उतरत नाही, असं ते म्हणतात. तिसरा मुद्दा संख्याशास्त्राचा आहे आणि तो मोजमापवाल्यांनाही मान्य करावा लागतो. थोड्या लोकांच्या थोड्या फेऱ्यांत फरक सापडला नाही, यावरून फरक नाहीच असं सिद्ध होत नाही.

दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने सांगतात असा एक प्रसंग १९८५चा आहे. अमेरिकी अभियंते बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’च्या संपादकांना आव्हान दिलं: तुमच्या आवडीचा कोणताही महाग ॲम्प निवडा, माझ्या स्वस्त यंत्राचा आवाज मी हुबेहूब तसा करून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचा एक भारी ॲम्प दिला. कार्व्हर यांनी दोन्ही यंत्रांचे संदेश एकमेकांतून वजा करत, जो शेष उरे तो कमी कमी करत आपलं यंत्र जुळवलं. अखेर फरक सांगता येत नाही, अशी कबुली संपादकांनी दिली. मोजमापवाले म्हणतात, पाहा, आवाजात गूढ काही नव्हतं. कानवाले म्हणतात, पाहा, दोन ॲम्प मुळात वेगळे ऐकू येत होते म्हणून तर जुळवावे लागले. मला दोघांचंही खरं वाटतं. वेगळेपण असू शकतं. ते असलं तर त्याचं कारण शोधून मोजता येतं. आणि कारण सापडलं की किमतीशी त्याचं नातं उरतंच असं नाही.

जास्त क्षमतेच्या डिजिटल ध्वनीचाही निकाल असाच अर्धवट लागला आहे. १९८२ साली आलेल्या सीडीचं माप ठरलेलं: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट. २००७ साली मेयर आणि मोरन यांनी उच्च क्षमतेचा ध्वनी आणि त्याचाच सीडीच्या मापातून गेलेला अवतार यांची ५५४ फेऱ्यांत तुलना केली. बरोबर उत्तरं २७६, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. त्यावर आक्षेप आला, की वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ ध्वनिमुद्रणच साध्या मापाचं होतं. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची, साडेबारा हजारांहून अधिक फेऱ्यांची एकत्र छाननी केली. बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. प्रशिक्षित श्रोत्यांत ती साठीच्या आसपास. म्हणजे फरक शून्य नाही, पण घरात सहज ऐकणाऱ्याने त्यासाठी संच बदलावा इतका मोठाही दिसत नाही.

एका जागी तारेच्या धारितेबद्दल दोन्ही पक्ष एक होतात: तबकडीचा टर्नटेबल. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजला किती पिकोफॅरड भार हवा ते निर्माता लिहून देतो, आणि टर्नटेबलपासून ॲम्पपर्यंतची लांब तार तो भार ओलांडू शकते. मग वरच्या सुरांचा तोल बदलतो. जुन्या एलपी पुन्हा बाहेर काढणाऱ्यांनी ही तार आखूड ठेवावी. तिची किंमत इथे गौण आहे.

जिथे वाद उरत नाही

तारांवर एवढी शाई खर्च झाली, पण आवाजातले सर्वांत मोठे फरक स्पीकर आणि खोली यांच्यात आहेत, आणि त्यावर दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही. चांगल्या ॲम्पचं विरूपण टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यात असतं, स्पीकरचं खालच्या सुरांत सहज एक टक्क्याच्या घरात जातं. दोन स्पीकरमधला फरक डोळे मिटून कोणालाही ऐकू येतो. ऑलिव्ह यांनी २००४ साली ७० स्पीकरच्या मोजण्यांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारं सूत्र मांडलं. अंदाज आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. लोकांना आवडणाऱ्या स्पीकरचा समोरचा आवाज सपाट, म्हणजे सगळ्या सुरांना सारख्या पातळीचा असतो, आणि बाजूंना फेकलेला त्याचा आवाजही समोरच्यासारखाच, फक्त वरच्या सुरांकडे हळूहळू उतरत जाणारा असतो. बाजूचा आवाज महत्त्वाचा, कारण भिंतींवरून उलटून तोच आपल्यापर्यंत येतो.

इथे आपली घरं मधे येतात. दहा बाय दहाची खोली आणि दहा फुटांच्या आसपासची उंची हे मुंबईतलं नेहमीचं माप. ध्वनीच्या दृष्टीने हा घन सर्वांत अवघड आकार आहे. समोरासमोरच्या भिंतींत आवाजाची लाट अडकून एक सूर फुगतो, आणि दहा फुटांना तो सुमारे ५७ हर्ट्झवर पडतो. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारखी असली तर तिन्ही दिशांचे फुगवटे एकाच सुरावर साचतात. चित्रपटगीतातल्या बेसची एखादीच नोट धमधमते, शेजारची नोट गायब होते, डग्ग्याचा एखादाच घुमारा अंगावर येतो. खोली बारा फूट लांब असेल तर लांबीचा फुगवटा ४८ हर्ट्झवर सरकतो आणि भार थोडा विभागला जातो. एवढ्या लहान खोलीत साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचाच अंमल चालतो. तिथे उत्तम स्पीकरही तिच्या तालावर नाचतो.

यावर पहिले उपाय बिनपैशांचे आहेत. सोफा मागच्या भिंतीला टेकला असेल तर बेस जास्तीत जास्त फुगतो, आणि खोलीच्या बरोबर मध्यावर पहिला फुगवटा जवळजवळ ऐकू येत नाही. दोन्हींच्या मधली जागा शोधायची. फूटभर सरकण्याने जो फरक पडतो तो कोणत्याही तारेने पडत नाही. स्पीकर कोपऱ्यातून काढावेत, त्यांचे ट्वीटर कानाच्या उंचीवर यावेत, आणि दोन स्पीकर नि ऐकणारा यांचा त्रिकोण शक्यतो समभुज असावा. घरात टीपॉय आहे, दार उघडायचं आहे, पोरांना खेळायचं आहे, हे सगळं मान्य. पण महिन्यातून एकदा शांतपणे गाणं ऐकायचं असेल तेव्हा स्पीकर फूटभर पुढे ओढायला काय हरकत आहे?

नव्या फ्लॅटांत व्हिट्रिफाइड फरशी, उघड्या भिंती आणि काचेची सरकती दारं असतात. वरचे सूर त्यांवर आपटून परततात आणि शब्द धूसर होतात. बातम्या देणाऱ्याचा आवाज कळत नाही म्हणून आवाज वाढवावा लागतो, ही तक्रार पुष्कळदा टीव्हीची नसतेच. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेलं कपाट यांनी वरच्या सुरांत खरी सुधारणा होते. बेसला मात्र पडदा पुरत नाही. त्याला जाड शोषकं किंवा खोली मोजून आवाज सुधारणारी यंत्रणा लागते. अनेक एव्ही रिसीव्हरांत ती माइकसकट येते. ती किती खोलवर वापरावी यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बेसपुरती वापरावी, वरच्या सुरांत स्पीकरच्या मूळ स्वभावाला हात लावू नये, हे टूल यांच्या लेखनातून पुढे आलेलं मत मला पटतं.

वॉटबद्दल एवढंच: ८६ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरच्या जोडीतून लहान खोलीत एका वॉटला ८० डेसिबलच्या आसपास आवाज मिळतो, तोही गप्पांपेक्षा पुष्कळ मोठा. वॉट दुप्पट केले तर वाढ फक्त तीन डेसिबलची. घराला खरे ५० वॉट भरपूर झाले.

चित्र आणि एचडीएमआय

डिजिटल तारेचा प्रश्न ॲनालॉगपेक्षा सोपा आहे आणि इथे वाद बराच मिटला आहे. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र जसंच्या तसं येतं. पोचले नाहीत तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर काळं होतं, आवाज तुटतो. महाग तारेने रंग ‘गडद’ किंवा काळा ‘खोल’ होण्याला आधार नाही. तार आपल्या कामाच्या वेगाची आहे का, हे पाहणं मात्र अगदी गरजेचं. ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने दाखवायला सेकंदाला १८ गिगाबिटची तार पुरते. १२० फ्रेमच्या खेळांसाठी ४८ गिगाबिटची, म्हणजे ‘अल्ट्रा हाय स्पीड’ प्रमाणपत्राची लागते. प्रमाणित तारेच्या खोक्यावर तपासता येईल असा क्यूआर कोड असतो. वेष्टणावर नुसतं ‘८के’ छापलेलं असणं हे प्रमाणपत्र नव्हे.

लांबीचा प्रश्न खरा आहे. पूर्ण वेगाला साध्या तांब्याच्या तारेची मजल साधारण पाच मीटरपर्यंतच जाते. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर लागत असतील तर आत प्रकाशतंतू असलेली सक्रिय तार घ्यावी. तिला दिशा असते, टीव्हीकडचं टोक टीव्हीलाच लावावं लागतं. घराचं काम चालू असेल तर तार भिंतीत थेट पुरू नये, एचडीएमआयचं तोंड जाईल एवढा जाड पाइप टाकून ठेवावा. २००२ पासून या जोडणीच्या आवृत्त्या बदलत आल्या आहेत आणि २०२५ साली ९६ गिगाबिटची २.२ आवृत्तीही आली. भिंत मात्र वीस वर्षांत एकदाच फुटते.

साउंडबार किंवा रिसीव्हर जोडताना टीव्हीवर एआरसी लिहिलेलं तोंड वापरावं. जुन्या ऑप्टिकल तारेतून स्टिरिओ आणि साधा डॉल्बी डिजिटल जातो, डॉल्बी ॲटमॉस जात नाही. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस टीव्हीची साथ असेल तर साध्या एआरसीतूनही जातो. ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा ध्वनी टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर ईएआरसी हवं.

चित्राच्या बाबतीत आज चर्चा आहे ती किती पिक्सेल डोळ्याला दिसतात याची. डोळ्याच्या दवाखान्यातला निकष अंशाला ६० पिक्सेल धरतो. त्या हिशोबाने ५५ इंची टीव्हीवर फुल एचडीचे ठिपके सव्वादोन मीटरच्या अलीकडेच वेगळे दिसतील. आठ फुटांवर बसणाऱ्याला ४केचा उपयोग नाही, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. २०२५ साली केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा यांच्या संशोधकांनी पडदा मागेपुढे सरकवत केलेल्या प्रयोगात ही मर्यादा करड्या छटांसाठी अंशाला ९४ पिक्सेल निघाली. आता तीच सीमा सुमारे ३.४ मीटरवर जाते, म्हणजे आठ फुटांवरून ४के आणि फुल एचडी यांत फरक दिसू शकतो. पण ४३ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहणाऱ्याला नव्या मापानेही फुल एचडी पुरते. शिवाय आपल्या घरांत केबल आणि डिश यांवरच्या वाहिन्या पुष्कळदा एसडी किंवा एचडी असतात. तिथे ४के पडदा फक्त मोठं केलेलं चित्र दाखवतो. काळा किती काळा नि पांढरा किती उजळ, हा भेद ठिपक्यांच्या संख्येपेक्षा लवकर डोळ्यांत भरतो. दुकानात टीव्ही ‘व्हिव्हिड’वर लावलेले असतात. घरी आणल्यावर तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर लावणं ही फुकटातली सर्वांत मोठी सुधारणा आहे.

वीज आणि अर्थिंग

महाग पॉवर केबलने आवाज सुधारतो या दाव्याला मोजमापांत आधार मिळालेला नाही. यंत्राच्या आत एसीचं डीसी होतं आणि शेवटच्या मीटरभर तारेचा प्रभाव तिथे संपतो. आपल्याकडे विजेचे प्रश्न वेगळेच आहेत. ॲम्पला केबल टीव्हीची पेटी जोडली की ५० हर्ट्झची घूं सुरू होते, कारण केबलवाल्याच्या तारेची जमीन आणि घराच्या सॉकेटची जमीन यांत विद्युतदाब वेगळा असतो. सर्व यंत्रं एकाच सॉकेटपट्टीवर आणावीत, किंवा केबलच्या तारेत विलगक घालावा. घूं जावी म्हणून तिसरी पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ जिवावर बेतू शकतो, तो कधीही करू नये. पावसाळ्यात विजा कडाडू लागण्याआधीच प्लगबरोबर डिशची तारही काढून ठेवावी, कारण धक्का पुष्कळदा तिथून येतो.

बाजारातली एक फसवणूक इथेच सांगतो. ‘स्पीकर वायर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ तारा आतून ॲल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. त्यांचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीच्या आसपास भरतो. हाताला हलकी लागली, पदर खरवडल्यावर आत पांढरट दिसलं, तर ओळखावं. आयएसआय खुणेची तांब्याची घरगुती वायर त्याहून भरवशाची.

काय उरलं आहे

दीर्घकाळ ऐकून येणाऱ्या शिणाचा प्रश्न अजून उघडा आहे. तो अंध चाचणीत कसा आणायचा, यावर सर्वमान्य रीत नाही. श्रोत्याच्या घरी, आठवडेच्या आठवडे, कोणतं यंत्र लावलं आहे ते न सांगता प्रयोग करणं खर्चाचं आणि किचकट आहे. खोली सुधारणाऱ्या यंत्रणांबाबतही श्रोत्यांच्या आवडींत बरीच तफावत दिसते: बेस किती हवा, याचं उत्तर वयागणिक आणि सवयीगणिक बदलतं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मात्र आपल्याच अंगणातला आहे. ज्या चाचण्यांवरून ‘चांगला स्पीकर’ ही कल्पना ठरली, त्यांत वाजवलेलं संगीत मुख्यतः पाश्चात्त्य होतं: पॉप, जॅझ, वाद्यवृंद. तानपुऱ्याच्या जवारीतून उमलणारे स्वरांश सलग पाऊण तास वाजत राहतात. काळी एकच्या खर्जाचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्याची ओळख पटते ती मात्र कित्येक पट वरच्या स्वरांशांतून. स्पीकरने त्या वरच्या पट्ट्यात थोडी जरी धार चढवली तरी तीन मिनिटांच्या गाण्यात ती ‘स्पष्टता’ वाटेल आणि विलंबित ख्यालात डोकं दुखवेल. श्रोत्यांची पसंती इथेही ऑलिव्ह यांच्या सूत्राप्रमाणेच निघेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर थांबायचं कारण नाही. एक पडदा, आवाज मोजणारं साधं यंत्र, सारख्या आवाजावर लावलेले चार स्पीकर, आणि ऐकायला गायक, तबलजी नि नेहमीचे रसिक असे तीसचाळीस जण, एवढ्यावर हा प्रयोग महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठात उभा राहू शकतो. संगीत आणि अभियांत्रिकी हे दोन विभाग त्यासाठी एकत्र यायला हवेत.